एकाच रिपोर्टात रक्त कमी पण आणि रक्त जास्त पण! घरी येऊन सीबीसी करणाऱ्या लॅबचा अनुभव

लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असले रिपोर्ट हल्ली सगळीकडे सारखेच येतात आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, फक्त काय झालं ते सांगायचंय. स्टार आधीच सांगते, पाचातले तीन, कुठले दोन कापले आणि का ते खाली येईलच. थोडं लांब झालंय, पण ज्यांना वर्षानुवर्षं "तुमचं एचबी (म्हणजे हिमोग्लोबिन) कमी आहे, आयर्न घ्या" एवढंच ऐकायला मिळालंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा प्लीज.

तर झालं असं की गेले काही महिने मला जिना चढला की धाप लागत होती, दुपारी तीनला डोळे मिटायला लागायचे. माझं एचबी कॉलेजपासून कायम ११ च्या आसपास, कधी १०.९ कधी ११.५, आणि जो डॉक्टर बघेल तो आयर्नची चिठ्ठी देणार. मी गोळ्या खायचे, पोट बिघडायचं, सोडायचे, परत कोणीतरी द्यायचं. धाकट्या जावेलाही थकवा होता, तिची पाळी पण खूप जड जाते, म्हटलं चल दोघींचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, एकदमच बुक करू. नवऱ्याच्या लॉगिनवरून सकाळी सातचा स्लॉट घेतला. सीबीसीला उपाशी राहायची गरज नसते हे ॲपवर नीट लिहिलेलं होतं, ते आवडलं, नाहीतर उगाच सगळ्यांना बारा तास उपाशी ठेवतात.

लॅबचा मुलगा सातला पाच मिनिटं असताना हजर, वेळेला पैकीच्या पैकी मार्क. पण पुढे काय, दंडाला पट्टा आवळला आणि त्याचा फोन वाजला. फोन खांद्यात धरून बोलतोय, मला म्हणतोय मूठ आवळा-सोडा आवळा-सोडा, पट्टा तसाच, हात जांभळा व्हायला आलेला. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे की पट्टा मिनिटाभरापेक्षा जास्त ठेवायचा नसतो, कारण शिरेतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि पेशी तेवढ्याच राहतात, म्हणजे तिथलं रक्त तेवढ्यापुरतं दाट होतं आणि आकडे फुगतात. बरं, रक्त घेतलं ते जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, आणि ती ट्यूब तशीच सरळ बॅगेत टाकली! त्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं औषध असतं, रक्त गोठू नये म्हणून, आणि ते रक्तात नीट मिसळावं म्हणून ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची असते. हलवायची नाही, खळखळायची तर अजिबात नाही, नुसती उलटी-सुलटी.

संध्याकाळी ॲपवर मेसेज, "तांत्रिक कारणामुळे आपला सॅम्पल पुन्हा घ्यावा लागेल." तांत्रिक कारण म्हणजे काय, हे विचारायला तीन कॉल केले. तिसऱ्या कॉलला एक जण म्हणाला मॅडम सॅम्पल क्लॉट झाला. मग हेच मेसेजमध्ये लिहायला काय झालं होतं? खरं सांगायचं तर सॅम्पल नाकारला ही लॅबची चांगली गोष्ट आहे. गुठळी झालेल्या रक्तातल्या पेशी गुठळीत अडकतात, मशिनला कमी दिसतात, आणि तोच आकडा छापून दिला असता तर मला कळलं पण नसतं.

दुसऱ्या दिवशी जी मुलगी आली ना, तिला माझे सगळे स्टार. आधी मला पाच मिनिटं बसवलं, ताई जिना चढून आलात का, दम घ्या म्हणाली. दोन्ही हात बघितले, बोटाने चाचपून शीर शोधली, पट्टा बांधला, सुई आत गेली आणि रक्त वाहायला लागलं तसा पट्टा सोडून पण टाकला. ट्यूब हातात धरून मनगट फिरवत होती आणि ओठांत मोजत होती. मी विचारलं काय मोजताय, तर म्हणाली आठ. मग माझ्यासमोर ट्यूबवर लेबल लावलं, नाव आणि वय मला वाचून दाखवलं. नाव वय बरोबर होतं. लिंग तिने वाचलं नाही आणि मी पण बघितलं नाही, आणि घोडं तिथेच पेंड खाल्लं.

कारण रात्री जी पीडीएफ आली त्यात मी पुरुष होते! लॉगिन नवऱ्याचं, ॲपने ते तसंच उचललं. आधी सगळे हसलो. मग मी कस्टमर केअरला सांगून दुरुस्त करून घेतली, त्याला आणखी एक दिवस, आणि मग दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून बघितल्या तर मजाच. रक्त तेच, आकडे तेच, पण बाण बदलले. आरबीसी म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, माझी ५.६२. पुरुष असताना काही बाण नाही, कारण ह्या लॅबची पुरुषांची रेंज ४.७ ते ६.१. बाई झाले आणि लाल बाण वर, कारण बायकांची ४.२ ते ५.४. एचबी ११.३ मात्र दोन्हीकडे खाली बाण. म्हणजे बाण हा आपल्या रक्तात नसतो हो, तो त्या रेंजमध्ये असतो. आणि रेंज म्हणजे काय, तर बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासून मधले ९५ टक्के घेतात, म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एखादा काहीही आजार नसताना बाणाचा मानकरी होणारच. त्यात सीबीसीच्या कागदावर वीसेक आकडे असतात, त्यामुळे एखादा बाण दिसला म्हणून गळून जायचं कारण नाही. लॅब बदलली की रेंज पण थोडी बदलते, म्हणून जुन्या रिपोर्टशी तुलना करताना बाण नाही, आकडा बघायचा.

आता येते मेन तक्रार. ह्यांचा "स्मार्ट रिपोर्ट". चौदा पानं! पहिल्या पानावर हसरं हृदय, दुसऱ्यावर माझा स्कोर, मग एकेक रंगीत कार्ड. सीबीसीचा खरा तक्ता अकराव्या पानावर, बारीक अक्षरात. एक ना धड भाराभर चिंध्या. आणि कार्डं बघा, एक कार्ड म्हणतं "हिमोग्लोबिन कमी: शरीरात लोह कमी असू शकते, ॲनिमिया पॅकेज बुक करा", त्याच्या अगदी खालचं कार्ड म्हणतं "आरबीसी जास्त: रक्त घट्ट असू शकते, भरपूर पाणी प्या". मग माझं रक्त कमी आहे का जास्त आहे? कस्टमर केअरला हाच प्रश्न विचारला, तर समोरून उत्तर, "मॅडम बाण खाली आहे म्हणजे लो आणि वर आहे म्हणजे हाय." धन्यवाद भाऊ.

आणि कहर म्हणजे जावेच्या रिपोर्टात पण एचबीचं कार्ड शब्दन् शब्द तेच. तिचं एचबी ८.६, आरबीसी ३.९. दोघींना एकच वाक्य, एकच पॅकेज. आमच्या दोघींच्या रक्तात जमीन-अस्मानाचा फरक होता हे पुढे कळलं, आणि तो फरक त्यांच्याच अकराव्या पानावर छापलेला होता, नुसतं कोणी वाचून सांगत नव्हतं.

सांगितलं ते त्यांच्याच पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तळाला एक ओळ असते, रिपोर्टबद्दल शंका असल्यास पॅथॉलॉजिस्टशी बोला. कोणी वाचत नाही ती. मी वाचली, दोन दिवस मागे लागले, शेवटी कॉल आला. डॉक्टरांचा आवाज दमलेला, पण बाई काय समजावून सांगते हो! त्यांनी आधी एकच विचारलं, "आयर्न किती वर्षं घेताय?" म्हटलं अधूनमधून धरून पंधरा-सोळा. "आणि एचबी कधी १२ च्या वर गेलं?" कधीच नाही. गरोदरपणात तर उलट खाली आलं होतं. "गरोदरपणात सगळ्यांचंच थोडं येतं," म्हणाल्या, "तेव्हा रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वाढतं. ते सोडा. तुमचा आरबीसी बघितला का कोणी?"

नाही बघितला. मी पण नाही. सगळ्यांची नजर थेट एचबीवर, आणि त्याच्याच शेजारची ओळ सोळा वर्षं तशीच पडून.

मग त्यांनी डब्यांचं सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. तांबडी पेशी म्हणजे डबा. हिमोग्लोबिन म्हणजे त्यातला माल, जो फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून अंगभर पोचवतो. आता फडताळात माल किती हे एक झालं, ते एचबी. डबे किती, ते आरबीसी. एकेक डबा केवढा, ते एमसीव्ही. एका डब्यात माल किती, ते एमसीएच. सगळ्या डब्यांनी मिळून फडताळाची किती जागा अडवली, ते हिमॅटोक्रिट, काही रिपोर्टात त्यालाच पीसीव्ही लिहितात. आणि डबे एका मापाचे आहेत का लहान-मोठे मिसळलेत, ते आरडीडब्ल्यू. झालं, तांबड्या पेशींचा सगळा हिशोब एवढाच. फक्त माल कमी आहे एवढं बघून घरात काय झालंय ते कळत नाही. डबेच कमी आहेत का डबे भरपूर आहेत पण चिमुकले आहेत, ह्या दोन एकदम वेगळ्या गोष्टी.

माझे आकडे: आरबीसी ५.६२, एचबी ११.३, हिमॅटोक्रिट ३५.४, एमसीव्ही ६३, आरडीडब्ल्यू १४.९. आरबीसीचा आकडा मिलियनमध्ये असतो, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात, टाचणीच्या डोक्याहूनही कमी थेंब म्हणा, ५६ लाख २० हजार पेशी. आणि एमसीव्ही साधारण ८० ते १०० हवा, माझा ६३. म्हणजे डबे ढीगभर, पण सगळेच्या सगळे छोटे.

जावेचे: आरबीसी ३.९, एचबी ८.६, हिमॅटोक्रिट २८.१, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १९. डबे कमी, लहान, आणि एकाचं माप दुसऱ्याला नाही. "ही टिपिकल लोहाची कमतरता," डॉक्टर म्हणाल्या, "लोह संपत जातं तसा कारखाना मंदावतो, नवीन पेशी लहान निघतात, जुन्या मोठ्या अजून फिरत असतात, म्हणून आरडीडब्ल्यू वाढतो." तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे कुठल्याही क्षणी आपल्या अंगात गेल्या चार महिन्यांतला सगळा जुना-नवा माल एकत्र असतो. मला हे ऐकून कसंतरीच झालं, म्हणजे मोजणी आजची असली तरी मोजलेल्या पेशी गेल्या चार महिन्यांतल्या असतात.

मग म्हणाल्या, कॅल्क्युलेटर घ्या, एमसीव्हीला आरबीसीने भागा. माझं ६३ भागिले ५.६२, ११.२. जावेचं ७२ भागिले ३.९, १८.५. ह्याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात, १९७३ पासून वापरात आहे, १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनमधली एक जन्मजात खोट, पुढे सांगते) संशय घ्यायचा, १३ च्या वर असेल तर लोहाच्या कमतरतेचा. "पण हा नुसता अंदाज," हे त्यांनी दोनदा बजावलं, "ह्याच्यावर काही ठरवायचं नाही, पुढची टेस्ट करायची." एक साधा भागाकार! ज्या ॲपला माझा स्कोर काढून हसरं हृदय रंगवता येतं त्याला हा भागाकार येत नाही? एक स्टार इथे कापला.

पुढच्या टेस्ट म्हणजे फेरिटिन, जे शरीरात साठवलेलं लोह दाखवतं, आणि एचपीएलसी, ज्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. माझं फेरिटिन २१२, बाईमाणसाच्या मानाने वरच, म्हणजे लोह कमी वगैरे काही नाही, उलट गोळ्या खाऊन खाऊन कोठार भरलेलं. (ताप, इन्फेक्शन, अंगात सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून सर्दी-तापात ही टेस्ट करू नका असंही सांगितलं.) एचपीएलसीत त्यातला एचबी ए२ नावाचा प्रकार आला ५.३ टक्के, ३.५ च्या वर गेलं की बीटा थॅलेसेमिया मायनर धरतात. तर ते आहे. जन्मापासून आहे. आजार म्हणावा असं नाही, ग्लोबिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्ये एक खोट असते, त्यामुळे पेशी लहान होतात आणि शरीर ती कमतरता संख्येने भरून काढतं. म्हणून ते ५६ लाख. माझं रक्त घट्ट पण नव्हतं आणि पाणी पिऊन काही होणारही नव्हतं. आणि माझ्या थकव्याचं कारण थायरॉईड निघालं, तो वेगळाच अध्याय.

ज्यांना मायनर आहे त्यांना लोहाची कमतरता होतच नाही असं नाही हं, दोन्ही एकत्र असू शकतं, आणि तेव्हा लोह कमी असल्यामुळे ए२ चा आकडा पण थोडा खाली दिसून फसगत होऊ शकते. म्हणून फेरिटिन सोबत बघायचं. हे वाचून कोणी आपल्या आयर्नच्या गोळ्या खिडकीतून फेकू नका, आधी टेस्ट, मग डॉक्टर, मग काय ते.

मशिनबद्दल थोडं, कारण मला ह्या गोष्टींची खोड आहे. डॉक्टरांना विचारलं की ५६ लाख मोजतं कोण. पूर्वी माणसंच मोजायची, काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात, रक्त पातळ करून त्यावर पसरायचं आणि मायक्रोस्कोपखाली चौकोनातल्या पेशी मोजून गुणाकार करायचा. मग वॉलेस कोल्टर नावाच्या माणसाने १९५३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, कल्पना इतकी साधी की बस. एका बारीक भोकातून वीज जातेय, त्यातून पेशी एकेक करून सोडायच्या, पेशी भोकात आली की वीज अडते आणि एक ठोका नोंदला जातो. ठोके किती पडले, ती संख्या. ठोका केवढा पडला, तो आकार. म्हणजे आरबीसी आणि एमसीव्ही मशिन खरंच मोजतं, एचबी वेगळं मोजतं, आणि हिमॅटोक्रिट, एमसीएच, एमसीएचसी (डब्यात माल किती दाटीने भरलाय ते) हे बहुतेक मशिनवर त्यातूनच गणिताने काढलेले असतात. पटत नसेल तर हिमॅटोक्रिटला आरबीसीने भागून दहाने गुणा, एमसीव्ही येतो. माझं ३५.४ भागिले ५.६२ गुणिले १०, बरोब्बर ६३. मला तर हे केल्यावर शाळेत ताळा जुळल्यासारखा आनंद झाला.

अजून एक घरगुती ताळा आहे, तीनचा नियम. आरबीसी गुणिले तीन म्हणजे साधारण एचबी, एचबी गुणिले तीन म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट. नवऱ्याचं सीबीसी पण नंतर केलं (का ते सांगते पुढे), आरबीसी ५.०, एचबी १४.८, हिमॅटोक्रिट ४४.२. बघा, पाच त्रिक पंधरा, जमलं. १४.८ त्रिक ४४.४, जमलं. माझं ५.६२ त्रिक जवळजवळ १७ आणि एचबी ११.३, कशाचा कशाला मेळ नाही. नियम फक्त नेहमीच्या मापाच्या पेशींना लागू पडतो, त्यामुळे मोडला की एक तर पेशींच्या आकारात काहीतरी आहे नाहीतर सॅम्पलमध्येच गडबड आहे. काही लोकांचं रक्त थंड झालं की पेशी एकमेकींना चिकटतात, मशिन चार पेशींची गाठ एकच मोठी पेशी म्हणून मोजतं, मग आरबीसी खोटा कमी आणि एमसीएचसी अशक्य वाटेल इतका जास्त येतो. सॅम्पल गरम करून परत लावला की आकडे जागेवर येतात. म्हणजे मशिनला पण कधीकधी कोणीतरी कान धरून विचारावं लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे पॅथॉलॉजिस्ट.

आरबीसी खराच जास्त असायची इतर कारणं वेगळी. सिगारेट, जुनं फुप्फुसाचं दुखणं, उंच डोंगरावर राहणं, कारण ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन सोडते आणि हाडातल्या मगजाला सांगते काढा अजून पेशी. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तर पेशी तेवढ्याच असून आकडा वर दिसतो, त्या "पाणी प्या" कार्डात तेवढंच काय ते तथ्य. सायकल रेसवाले हेच एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनने घ्यायला लागले म्हणून त्यांच्या जागतिक संघटनेने १९९७ मध्ये हिमॅटोक्रिट ५० च्या वर असलेल्या पुरुषांना शर्यतीत उतरायला बंदी केली होती. आणि काहींच्यात मगजच कुणाचं न ऐकता पेशी काढत सुटतो, पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात, तिथे एचबी आणि हिमॅटोक्रिट पण वर असतात, माझ्यासारखं एक वर एक खाली नसतं. उलट बाजूला आरबीसी कमी आणि एमसीव्ही १०० च्या वर दिसला तर बी१२ आणि फोलेटकडे बघतात. किडनी बिघडली तरी पेशी कमी, तो वरचा निरोपच जात नाही ना.

जावेचं पुढे काय झालं. तिला आयर्न सुरू झालं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाळीचं पण बघितलं, कारण नळ चालू ठेवून बादली भरत बसण्यात काय अर्थ. चार आठवड्यांनी परत ह्याच लॅबकडून टेस्ट. रात्री साडेदहाला तिचा रडका फोन, "ताई, रिपोर्ट बिघडलाय!" ॲपने ग्राफ दाखवला होता, आरडीडब्ल्यू १९ वरून २४, भला मोठा लाल बाण आणि "स्थिती खालावली आहे". मी म्हटलं आधी एचबी वाच. १०.३. आरबीसी? ४.३. अगं मग खालावली कुठे, ८.६ वरून १०.३ झालं की! औषध लागू पडलं की नवीन पेशी चांगल्या मोठ्या निघतात आणि जुन्या छोट्या अजून मेलेल्या नसतात, दोन्ही मिसळल्या की मापातला फरक वाढणारच, काही काळ आरडीडब्ल्यू वर जाणं हे औषध काम करतंय ह्याचंच लक्षण. बिचारीचा जीव भांड्यात पडला. दुसरा स्टार तिथे कापला, रात्री साडेदहाला बाईला रडवल्याबद्दल. एचबी जागेवर आल्यावरही कोठार भरायला अजून काही महिने गोळ्या घ्यायच्यात, मध्येच सोडायच्या नाहीत, हे तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲपने नाही.

तोच ग्राफ मला मात्र उपयोगी पडला हे कबूल करते. ॲपमध्ये जुने रिपोर्ट टाकता येतात, मी कपाटातले नऊ वर्षांचे कागद शोधून सगळे चढवले, वेगवेगळ्या लॅबचे. आरबीसीची रेघ सरळ ५.४ ते ५.७ च्या मध्ये, एमसीव्ही ६२ ते ६५, गोळ्या चालू असोत नाहीतर बंद, रेघ ढिम्म हलत नाही. नऊ वर्षं एकच गोष्ट सांगत होता तो कागद. ही सोय खरंच भारी आहे आणि तीन स्टारातला एक तिचा. बाकी दोन, वेळ पाळण्याचा एक आणि त्या आठपर्यंत मोजणाऱ्या मुलीचा एक. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना स्टार देत नाही, त्यांना मी हाताने चिठ्ठी लिहून पाठवली.

नवऱ्याची टेस्ट का केली, तर आई-वडील दोघेही मायनर असतील तर प्रत्येक बाळाला २५ टक्के शक्यता असते थॅलेसेमिया मेजरची, आणि तो मात्र खरा मोठा आजार, आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. त्याचं एमसीव्ही ८८ आलं, एचपीएलसी पण नॉर्मल, सुटलो. लेकीला माझ्याकडून मायनर यायची शक्यता निम्मी, तिची पण एकदा करून ठेवायची म्हणजे तिला तरी फुकटच्या गोळ्या नकोत. भावाला फोन करून सांगितलं तर म्हणाला मला काय झालंय, मी ठणठणीत. म्हटलं जुना सीबीसी असेल तर फोटो पाठव. आरबीसी ६.३, एमसीव्ही ६४. त्याच्या डॉक्टरांनी त्याला पण पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं.

बुक करायचंच असेल तर लॉगिन स्वतःचं वापरा, पट्टा जास्त वेळ राहिला तर तोंड उघडा, ट्यूब उलटी-सुलटी करतायत का बघा, आणि पीडीएफ आली की थेट अकरावं पान. आत्ता हे टाइप करता करता ॲपचं नोटिफिकेशन आलंय, "तुमचं हिमोग्लोबिन अजूनही कमी आहे! ॲनिमिया पॅकेजवर आज खास सवलत." आणि वर नाव नवऱ्याचं.